गेम नंबर अकराचा अभिप्राय

जळगाव, ५ जानेवारी २०२५

गेम नंबर अकरा करणाऱ्या अनोळखी मित्रास,

नमस्कार. मी नूतन. आपल्या खान्देश गेम मंडळात हौशी लोक घरच्या घरी जे गेम करतात, त्यांचं 'वातावरण' तपासायचं काम माझ्याकडे आहे. गेम कुठे अडकतो, कुठे बंद पडतो, ते दुसरे बघतात. मी एवढंच बघते, की खेळणारा आपण खुर्चीवर बसलोय हे विसरतो की नाही. पोटापाण्यासाठी मी नवऱ्याच्या फोटो स्टुडिओत लग्नांचं व्हिडिओ मिक्सिंग करते, त्यामुळे कान तयार आहेत आणि जीभही. गोड बोलायची सवय नाही, तेव्हा पाणी पिऊन बसा.

नियम तुम्हाला मंडळ चालवणाऱ्या दिपमालाने सांगितलेच असतील. सोळा फेब्रुवारीला धुळ्यात प्रदर्शन होईपर्यंत गेम कोणाचा ते कोणालाच कळत नाही. अभिप्राय पत्रातच द्यायचा, निदान एक पानभर. नुसता अंगठा दाखवून मोकळं होणाऱ्यांवर दिपमाला जाम भडकते. पत्रं तिच्याकडून तुमच्याकडे येतील, तुमचं उत्तर तिच्याकडून माझ्याकडे.

आता कामाचं. चोपड्याकडच्या शेतातलं घर, एप्रिलची दुपार, घरात पाहुणे यायचेत, आणि खेळणाऱ्याने अंगण झाडायचं, गायीला पाणी दाखवायचं, कुट्टी मशीनवर कडबा कापायचा. कल्पना साधी आहे आणि मला आवडली. इथे बहुतेकांना भुतं आणि बंदुका सुचतात. पण तुमच्या पावलांचा आवाज सगळीकडे एकच येतो. सारवलेल्या अंगणात पाऊल वाजत नाही हो, केळीच्या वाळल्या पाल्यावर वाजतं. सातपुडा तुम्ही निळाशार रंगवलाय. एप्रिलात तो धुळीने इतका पुसट होतो की आहे की नाही असं वाटतं. आणि लाईट जाते तेव्हा तुम्ही सगळे आवाज एकदम बंद केलेत. असं कुठे होतं? आधी पंख्याची पाती रेंगाळत थांबतात. मग शेजारच्या मळ्यातली मोटार थांबते. मग कोणीतरी वीज मंडळाच्या नावाने ओरडतं. आणि त्यानंतर कुठे चिमण्या ऐकू यायला लागतात. शांतता टप्प्याटप्प्याने येऊ द्या.

केळीच्या पानांचा आवाज मात्र अस्सल आहे. तो तुम्ही बागेत उभं राहून घेतलाय, इंटरनेटवरून उचललेला नाही. शाब्बास.

आता एक प्रश्न. गेममध्ये मागच्या दाराची कडी काढायच्या आधी दार दोन्ही हातांनी वर उचलावं लागतं, नाहीतर ते उघडत नाही. पाण्याचा निळा ड्रम डावीकडून चिरलेला आहे आणि त्या चिरेवर डांबर लावलंय. हे तुम्हाला कुठे दिसलं? मी सहज विचारतेय.

शेवट ठीक आहे. फक्त कुट्टी मशीनचा खटका चालू राहतो तो प्रसंग काढून टाका. त्याने वातावरण बिघडतं.

नूतन


जळगाव, १५ जानेवारी २०२५

गेम नंबर अकरावाले,

तिळगूळ घ्या. गोड बोलायचं तेवढं बोलून झालं.

तुमचं उत्तर मिळालं. मी दोन पानं लिहिली, तुम्ही चार ओळी. पावलांचे आवाज बदलले, सातपुडा पुसट केला, शांतता टप्प्याटप्प्याने आणली. कामाला तुम्ही पक्के आहात, ते मान्य. पण दाराबद्दल लिहिता, 'असंच आठवलं म्हणून केलं.' असं आठवतं होय? मग खटका का काढू, म्हणून विचारता. आणि वर मलाच विचारता, 'आपण शेवटापर्यंत खेळलात ना?'

ऐका. सात वर्षं मी हे काम करतेय. माझ्या अभिप्रायावर अशी शंका आजवर कोणी घेतली नाही.

तुम्ही कोण आहात याचा मी दहा दिवस विचार करतेय. जेवताना, गाडीवर, नवरी-नवरदेवाची वरमाला कापता-जोडतानासुद्धा. आधी वाटलं, आमच्या भाऊबंदांपैकी कोणी. कौतिककाकांची पोरं कॉम्प्युटर शिकलीत, पण त्यांना एवढा धीर नाही. मग वाटलं, दिपमालालाच सगळं ठाऊक आहे आणि ती माझी गंमत बघतेय. फोनवर तिला आडून विचारलं, तर म्हणाली, 'नूतनताई, तुला बरं नाही का?' तेव्हापासून तिच्याशी जपूनच बोलते. परवा माझा नवरा हितेंद्र माझ्यामागे येऊन उभा राहिला, तर मी लॅपटॉप खाडकन मिटला. बिचारा चहा विचारायला आला होता.

तुम्हाला हे घर माहीत आहे, म्हणजे त्या घरात काय झालं तेही माहीत असणार. नसेल तर सांगते, म्हणजे तुमच्याकडे 'मला काय ठाऊक' म्हणायला जागा उरणार नाही. ते घर आमचं आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये मला बघायला जळगावहून पाहुणे यायचे होते. चारा कापणं हे माझ्या धाकट्या भावाचं काम. लाईट गेली, आणि तो मशीनचा खटका बंद न करता तसाच निघून गेला. दुपारी माझ्या वडिलांनी, आबांनी, अडकलेला कडबा काढायला मशीनमध्ये हात घातला आणि लाईट आली. उजव्या हाताची चार बोटं गेली. गावात कोणालाही विचारा, हेच सांगतील.

अशा गोष्टीचा खेळ करतं का कोणी? खटका काढा. नाहीतर मी दिपमालाला लिहून देईन की अकरा नंबर प्रदर्शनात ठेवण्यालायक नाही, आणि माझा शब्द तिथे चालतो.

नूतन


जळगाव, २२ जानेवारी २०२५

भूषण,

आता लपायचं कारण नाही. नव्या आवृत्तीत तू मायचा आवाज घातलास.

खेळणारा विहिरीकडे जातो आणि मागून हाक येते, 'जेवाले या रे, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी.' मला हेडफोन काढायलासुद्धा सुधरलं नाही. 'रे' म्हणताना ती श्वास घेते ते मी हजार बायकांमधून ओळखेन. तुझ्या त्या जुन्या फोनमध्ये असणार ते. तीन वर्षं झाली ती जाऊन. माझ्याकडे तिचा एक शब्द नाही आणि तुझ्याकडे आहे, आणि तू तो गेममध्ये घालून माझ्याकडे तपासायला पाठवतोस. अभिप्राय हवा होता ना तुला? वातावरण उत्तम. मी रडले. लिहून घे.

आता मला सरळ सांग, तुझ्या मनात काय आहे? बारा वर्षं तू परराज्यात, उधन्यात. साड्यांच्या भरतकामाची डिझाईन कॉम्प्युटरवर करतोस, एवढंच ऐकून आहे. माझ्या लग्नाला आला नाहीस. मायला अग्नी द्यायला आलास आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलास, मला एक शब्द न बोलता. आबा तुझ्याकडे बघत नव्हते ते मी पाहिलं. पण मी काय करणार होते? आणि आता दिपमालाच्या हाती एका ओळीचा निरोप पाठवतोस, 'प्रदर्शनाला नूतनताईंनी त्यांच्या वडिलांना आणलं तर बरं होईल.'

का रे? कशासाठी बरं होईल? भरल्या हॉलमध्ये, भिंतीएवढ्या पडद्यावर, आबांसमोर तुला काय दाखवायचंय? खटका कोणाच्या हाताने चालू राहिला ते? तुला कोणी काय सांगितलंय? मायने काही सांगितलं होतं का? जायच्या आधी तुझा फोन आला होता म्हणे दवाखान्यात. तेव्हा काय बोलली ती तुझ्याशी?

आबा आता माझ्याकडे असतात. डाव्या हाताने चमच्याने जेवतात, आणि संध्याकाळी हितेंद्रसोबत स्टुडिओत बसतात. ज्या हितेंद्रच्या गाडीतून त्यांना त्या दिवशी दवाखान्यात नेलं, त्या जावयाचं त्यांना भारी कौतुक. माझा संसार नीट चाललाय, भूषण. तुला तो बघवत नाही का? तुला बदला घ्यायचाय असं मला वाटतं. चुकीचं वाटत असेल तर तसं लिही, पण चार ओळींत नको.

मी आबांना धुळ्याला आणणार नाही.

अक्का


जळगाव, २ फेब्रुवारी २०२५

भूषण,

तुझी सात पानं आली. शुक्रवारी वाचली, शनिवारी वाचली. मग तू सांगितलंस ते केलं. स्टुडिओला कुलूप लावलं, हेडफोन घातले आणि अकरा नंबर पहिल्यांदा शेवटापर्यंत खेळले.

हो, पहिल्यांदा. तू पहिल्याच पत्रावरून ओळखलंस ते बरोबर होतं. गेममध्ये लाईट गेली की मी दर वेळी तिथेच बंद करायचे आणि तुला 'शेवट ठीक आहे' म्हणून ठोकून द्यायचे. सात वर्षांत असं दुसऱ्या कोणाशी केलेलं नाही.

मला वाटत होतं की पुढे काळोख होईल, आबांची किंकाळी येईल, आणि तू कोणाचं तरी नाव घेशील. तसं काहीच नाही. लाईट गेलेली असते, खेळणाऱ्याला वेळ असतो, तो परत जाऊन खटका खाली ओढू शकतो. मी ओढला. आबा आले, अडकलेला कडबा काढला, हात झटकले, लाईट आली, मशीन गप्प. मग ते पायऱ्यांवर बसून उजव्या हाताने भाकरी मोडून जेवतात. बस्स, एवढाच तुझा शेवट. किती वेळ जेवतात रे ते. तू त्यांचं जेवण कुठेच तोडलं नाहीस.

आणि तू लिहितोस, 'अक्का, मी हे चारशे वेळा तरी खेळलोय. तेव्हा खटका बंद केला की नाही, ते मला आजही आठवत नाही. आबांनी एकदा डाव्या हाताने तो बंद करावा आणि मला माफ करावं, म्हणून त्यांना आण म्हटलं. बदला कसला? कोणाचा?'

म्हणजे तुला खरंच माहीत नाही.

मी बारा वर्षं धरून चालले होते की तुला माहीत आहे. तू लग्नाला आला नाहीस तेव्हा मनात म्हटलं, माहीत आहे म्हणून आला नाही. मायच्या वेळी बोलला नाहीस, तेव्हाही तेच. तू गप्प राहून मला छळतोयस असं समजून मी तुझ्यावर चिडत राहिले. मला काय ठाऊक, की तू तिकडे स्वतःलाच गुन्हेगार समजून बसलायस.

आता माझा खरा अभिप्राय. गेममध्ये एक प्रसंग नाही. तू तिथे नव्हतास म्हणून तो तुझ्याकडे नाही.

सकाळी तू अर्धी पेंढी कापलीस, लाईट गेली, आणि मायने तुला पाहुण्यांसाठी शेव आणि वेफर आणायला चोपड्याला पिटाळलं. बरोबर? तू गेल्यावर साडेबाराला लाईट आली होती. मशीन सुरू झालं नाही, भूषण. गप्प उभं होतं. तू खटका बंद करून गेला होतास. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण तो पुन्हा चालू करणारी मीच.

गाय हंबरत होती. पाहुणे यायच्या वेळी दारात गाय हंबरणं बरं दिसणार नाही असं मला वाटलं. खरं तर त्या दिवशी मला कोणी अंगणातसुद्धा जाऊ देत नव्हतं, हातापायाला धूळ लागेल म्हणून. मी लपून गेले. पाच-सहा पेंढ्या कापल्या, आणि लाईट परत गेली. तेवढ्यात आतून काकूने साडी नेसायला हाक मारली. मी पळाले. खटक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लाईट नसताना खटका चालू आहे की बंद, हे कोणाच्या लक्षात राहतं? तुझ्या राहिलं होतं. माझ्या नाही.

आबांना बाहेर आणलं तेव्हा मी निऱ्या हातात धरून उभी होते. मायने माझ्या केसातला कडब्याचा भुसा पाहिला. एकेक काडी वेचली आणि कानाशी येऊन एवढंच म्हणाली, 'गप ऱ्हाय. पाव्हना उनात.' पाहुणे दारात आलेच होते. तितक्यात तू शेवची पिशवी घेऊन गाडीवरून उतरलास. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं, कारण चारा कापणं तुझं काम होतं. कोणी मला विचारलंच नाही, आणि मी सांगितलं नाही. आधी म्हटलं आज नको, पाहुणे आहेत. मग म्हटलं लग्न ठरू दे. मग लग्न झालं. मग तू गेलाच होतास.

मायला दोष देऊ नकोस. ती एका दिवसापुरतं गप्प राहा म्हणाली होती. बारा वर्षं माझी आहेत.

तू सतरा वर्षांचा होतास रे. तुला एकदा तरी वाटलं नाही, की मी खटका बंद केला होता म्हणून ओरडून सांगावं?

गेम बदलू नकोस आणि दाखवूही नकोस, अजून. मला आधी आबांना सांगायचंय. सांगेन.

अक्का


जळगाव, ९ फेब्रुवारी २०२५

भूषण,

सांगितलं. आठवडा लागला. रोज सकाळी ठरवायचे आणि रोज काहीतरी काम काढायचे, शेवटी आज दुपारी जेवणं झाल्यावर बोलले. हितेंद्र घरीच होता. त्याच्यासमोरच सांगायचं ठरवलं होतं, म्हणजे नंतर मला सोयीचं तेवढं सांगता येणार नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. साडेबाराला लाईट आली आणि मशीन गप्प होतं, हे मी दोनदा सांगितलं. मग त्यांनी विचारलं, 'त्यानी खटका बंद करेल व्हता?'

मी हो म्हटलं.

त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, 'अन मी त्याले मारं.'

त्यांनी तुला मारलं होतं हे मला माहीत नव्हतं. कधी? दवाखान्यातून आल्यावर? म्हणजे डाव्या हाताने. तू सात पानांत त्याचा एक शब्द लिहिला नाहीस. मी आपली तुला विचारत बसले की तुझ्या मनात काय आहे.

मला वाटलं होतं ते चिडतील. मी तयारी केली होती. चिडले नाहीत, पण चार वाजता मी चहा ठेवला तो त्यांनी घेतला नाही. तसाच गार झाला. बारा वर्षांत त्यांनी माझ्या हातचं काही नाकारलेलं नाही. हितेंद्रने दुसरा करून दिला, तो प्यायले. हितेंद्र माझ्याशी बोलतोय, पण कामापुरतं. त्या दिवशी मला बघायला म्हणून आला होता, आणि आबांच्या रक्ताने त्याची गाडी भरली होती. त्याच गाडीत मागच्या सीटवर आबांचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले होते, आणि माझ्या त्या धीराचं कौतुक त्याच्या घरात अजून होतं. आता तो काय म्हणेल ते मला माहीत नाही. विचारायची घाईही नाही.

प्रदर्शनाचं तुझं तू ठरव. दिपमालाला मी आज लिहिलं, की अकरा नंबरला मी अन्यायाने नापास करायची धमकी दिली होती, तो गेम मंडळात आजवर आलेल्यांत सगळ्यात चांगला आहे, आणि यापुढे मला कोणाचा गेम तपासायला देऊ नकोस. शेवटापर्यंत न खेळता अभिप्राय देणारी बाई काय कामाची?

आबांना मी गेमबद्दल सांगितलं. जेवण्याचा शेवटही सांगितला. बघायला नको म्हणाले. त्यांनी कपाटातून पिशवी काढली, दोन धोतरं आणि सदरा भरला, आणि उधन्याला गाडी कधी असते ते हितेंद्रला विचारलं. मी म्हटलं, मी सोबत येते, एवढा प्रवास एकट्याने कसा करणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. 'तू येऊ नको,' एवढंच म्हणाले.

तेव्हा मंगळवारी, अकरा तारखेला, ते सकाळच्या गाडीने निघतील. हितेंद्र बसवून देईल. दुपारी उधन्याला पोचतील. सुट्टी काढ आणि अर्धा तास आधीच जाऊन उभा राहा, कारण गाडी थांबायच्या आधीच ते दारात येतील, त्यांना धीर नाही. पिशवी डाव्या हातात असेल, म्हणजे उतरताना दांडा धरायला त्यांच्याकडे फक्त उजवा राहतो. त्या हाताला ते कोणाला हात लावू देत नाहीत. डॉक्टरला नाही, मला तर कधीच नाही. तू पुढे हो आणि धर. तुला धरू देतील.

नूतन